एकाच नगाची ऑर्डर

काही माणसांना दारूचा नाद असतो, काहींना राजकारणाचा. मला सर्किट बोर्डांचा आहे. पहिल्या दोन नादांत निदान चार माणसं तरी भोवती जमतात. माझ्या नादात माणूस मागच्या खोलीत दार लावून बसतो आणि त्याच्याभोवती फक्त सोल्डरचा धूर जमतो.

सर्किट बोर्ड म्हणजे काय ते आधीच सांगतो, कारण आमच्या घरात हा प्रश्न अजून कुणी विचारलेला नाही. रेडिओ किंवा मोबाइल उघडला की आत एक हिरवी पाटी दिसते, तिच्यावर तांब्याच्या बारीक बारीक वाटा असतात. ती पाटी. कारखान्यातून अशा हजारो निघतात. मला मात्र नेहमी एकच हवी असते. डिप्लोमा करून मी पुण्यात काही वर्षं नोकरी केली, मग नेकनूरला परत आलो, शेत बटईनं दुसऱ्याला कसायला दिलं आणि उरलेला सगळा वेळ अशा एकेका पाटीच्या मागं घालवला. वडील होते तोवर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "आमचे रविराज इंजिनेर हायेत. पंखा तेवढा भायेरच्या मानसाकून दुरुस्त करून घ्यावा लागतो." यात खोटं काही नव्हतं. पंखा दुरुस्त करण्यात मला गोडी वाटत नाही.

वडील म्हणजे सुंदरराव. दोनदा सरपंच झालेले. सकाळी दात घासायच्या आधी आमच्या ओट्यावर माणसं येऊन बसलेली असायची. ते गेले आणि ओटा रिकामा पडला. राजकारणातली माणसं दुसऱ्या ओट्यावर गेली, त्याचं मला काही वाटलं नाही, ती जाणारच. पण आईची माणसंही येईनाशी झाली. शेजारच्या भिवराबाई, ज्यांना मी आत्या म्हणतो, त्या दिवसातून दोनदा यायच्या, त्याही फिरकेनात. आई दुपारभर आतल्या खोलीत पलंगावर बसायची आणि म्हणायची, "तुजे वडील व्हते तवर सगळ्यांला ह्या घराची वाट ठाव व्हती. आता मला एकटीला कोन इचारतंय."

खरी गोष्ट निराळीच होती आणि ती माझ्या बायकोच्या लक्षात आली. राजनंदिनी लिंबागणेशच्या शाळेत शिकवते. एका सुट्टीच्या दिवशी ती गच्चीवर कपडे वाळत घालत होती, तेव्हा तिनं वरून पाहिलं. भिवराआत्या फाटकात उभ्या राहिल्या, "वैनी, हायसा का घरात?" म्हणून हाक मारली, पुन्हा मारली, आणि तोंड वाकडं करून निघून गेल्या. राजनंदिनी खाली आली तर आई दाराच्या आतच तांदूळ निवडत होती.

"अहो, माणसं येतात," राजनंदिनी मला म्हणाली. "आईंना ऐकूच येत नाही. ह्या ओ देत नाहीत, म्हणून माणसं फिरून जातात. आणि गावात काय बोलतात माहीत आहे का? सुंदरराव गेले, पण विमलबाईंचा तोरा गेला नाही म्हणतात."

समोर बसलेल्या माणसाच्या ओठांकडं बघून आई सगळं निभावून न्यायची, त्यामुळं गावाला पत्ता नव्हता. आम्ही बीडहून कानाचं यंत्र आणलं. तिनं ते दोन दिवस घातलं आणि कपाटात ठेवून दिलं. "चमचा पडला तरी डोक्यात घन घातल्यावानी व्हतंय," म्हणाली. शिवाय गावात एका शब्दानं सांगायचं नाही, असा दम भरला. "बहिरी म्हनून कळलं की समोर बसून माजंच उनंदुनं काढत्याल."

म्हणजे आईला माणसं हवी होती, माणसं येत होती, आणि मधे फक्त एक हाक अडकली होती. राजनंदिनीनं उपायही सांगितला. फाटकाला बेलचं बटण लावायचं आणि बेलच्या जागी आईच्या खोलीत बल्ब. वायरमन तासाभरात करून जाईल.

तिचं बरोबर होतं, म्हणून मला राग आला. मी म्हटलं, लाईट गेली तर? आईची पाठ असताना बल्ब लागून विझला तर? कोण आलं होतं हे नंतर कळणार कसं? मग बॅटरी पाहिजे, आईनं बघेपर्यंत दिवा मिचकत राहिला पाहिजे, एकदा दाबलं तर हिरवा, घाईनं दाबलं तर लाल. राजनंदिनी ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "म्हणजे बोर्ड करायचा आहे तुम्हाला." हो, करायचा होता. उगाच कशाला खोटं बोलू.

पहिला बोर्ड मी घरी केला. त्याची रीत अशी: नकाशा गुळगुळीत कागदावर छापायचा, तो तांब्याचा थर असलेल्या पाटीवर उलटा ठेवून त्यावर इस्त्री फिरवायची, म्हणजे शाई पाटीला चिकटते. मग पाटी एका तपकिरी द्रावणात हलवत बसायचं. शाईखालचं तांबं राहतं, बाकीचं विरघळतं. द्रावण मी न्हाणीघरात कालवलं. त्याचे शिंतोडे आईच्या अंघोळीच्या तांब्याच्या हंड्यावर उडाले आणि वर्षानुवर्षं काळा पडलेला हंडा तेवढ्या भागात लख्ख गुलाबी झाला. आईला वाटलं, सुनेनं चिंच लावून घासला. ती खूश झाली. नंतर विचारत राहिली, "पन येकाच अंगानं कावून घासलाय?" राजनंदिनीनं माझ्याकडं पाहिलं. मी इस्त्रीकडं पाहिलं. तिच्या बुडाला शाई चिकटली होती आणि दुसऱ्या दिवशी राजनंदिनी शाळेत जी साडी नेसून गेली तिच्या पदरावर माझ्या सर्किटचा अर्धा नकाशा उमटलेला होता.

बोर्ड मात्र सुरेख झाला. फक्त उलटा झाला. छापताना नकाशा आरशातल्यासारखा फिरवून छापायचा असतो, हे मला माहीत होतं. चार जणांना मी ते शिकवलंही होतं. माझा मी विसरलो. आता चिप बसवायची तर ती उताणी टाकून पाय वर करावे लागत होते. तशीही बसवली. एक दिवस चालली, दुसऱ्या दिवशी तिचा एक पाय मोडला.

मग मी ठरवलं, कारखान्यातूनच करून घ्यायचा. पुण्यात एका ठिकाणी फोन लावला.

"किती नग?" तिकडच्या माणसानं विचारलं.

"एक."

"नमुन्याला एक ना? आणि नंतरची ऑर्डर?"

"नंतर काही नाही. एकच."

तो अगदी समजुतीनं म्हणाला, "साहेब, फिल्म, ड्रिलिंग, मशीन लावणं, एकाला जेवढं तेवढंच शंभराला. तुम्ही पाचशे घ्या, नग स्वस्त पडेल." एवढ्या आया कुठून आणायच्या, हे मी त्याला विचारलं नाही. चूक त्याची नव्हती. एका ताटासाठी लग्नाचा आचारी बोलवायला मीच निघालो होतो. परदेशातून मागवायचा विचार केला तर तिथं बोर्ड फुकटात पडल्यासारखा, आणि विमानाचं भाडं, वर जकात. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

तेव्हा कुणीतरी मला पंडितचा नंबर दिला. पंडितचं बीडला बसस्टँडामागं पंपांचे स्टार्टर दुरुस्त करायचं दुकान आहे. जिल्ह्यात माझ्यासारखे एकच नग हवा असलेले जितके लोक आहेत, तितके त्याला ओळखतात. परळीचा एक जण दुधाची फॅट मोजायचं काही करतो, गेवराईचा एक जण गिटारचा आवाज फाडायची पेटी करतो, अंबाजोगाईच्या एका बाईला शिवणयंत्राचा वेग बांधायचा आहे. पंडित सगळ्यांचे नकाशे एका मोठ्या पाटीवर शेजारी शेजारी मांडतो. कारखान्याला ती एकच ऑर्डर दिसते. पाट्या आल्या की तो त्या कापतो आणि ज्याची त्याला देतो. खर्च जागेप्रमाणं वाटून. मला तर या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं.

"फकस्त घाई करायची न्हाई," पंडितनं आधीच सांगितलं. "नेकनूरची काळीपिवळी कशी सुटती? सीटा भरल्या की. तसंच हाय हे. पाटी भरली की सुटंल."

पाटी भरेना. मी आठवड्यातून एकदा फोन करायचो. "परळीवाला येतो म्हनलाय," पंडित सांगायचा. परळीवाला आला तर गेवराईवाला नकाशा बदलायला परत घेऊन जायचा. या काळात फाटकातून किती माणसं हाका मारून परत गेली ते मला माहीत नाही, कारण मी मागच्या खोलीत बोर्डावर छापायच्या अक्षरांचं वळण ठरवत होतो. आईचं नाव टाकायचं होतं. पांढऱ्या अक्षरांत 'विमल'.

शेवटी पंडितचा फोन आला. गेलो. हिरवेगार, कडा घासलेले, आईचं नाव लिहिलेले बोर्ड. कारखाना एका पाटीच्या कमीत कमी पाच प्रती काढतो, त्यामुळं माझ्या हातात एकाच्या जागी पाच पडले. "बाकीच्या चारांचं काय करू?" मी विचारलं. "चार आया कर अजून, बे," पंडित म्हणाला.

मी सगळं जोडलं. फाटकाला पितळी बटण बसवलं, त्याखाली छोटी पाटी लावली: 'कृपया बेल वाजवा'. आईच्या खोलीत दिवा बसवला. मी बाहेर जाऊन बटण दाबलं, आत हिरवा दिवा मिचकायला लागला. आईनं दिव्याकडं पाहिलं, मग बाहेर येऊन माझ्याकडं पाहिलं. "तू व्हय," म्हणाली आणि आत गेली. माझ्या मते यशस्वी चाचणी.

पुढं मात्र दिवा लागलाच नाही. मीटरवाल्यानं एकदा दाबलं, कुरिअरवाल्यानं एकदा. बाकी कुणी नाही. मला वाटलं, जोडणीत काही बिघडलं. दोनदा सगळं खोललं. आणि भिवराआत्या तर आता फाटकापर्यंतही येईनात.

कळलं ते आठवडी बाजारात, धुळाजीमामांकडून. मामा मेंढ्या घेऊन हिंडतात आणि पिकं निघाली की खतासाठी त्यांच्या मेंढ्या आमच्या रानात बसतात. दर साली आधी घरी येऊन आईला विचारायची त्यांची रीत. यंदा परस्पर बटईदाराला विचारून मोकळे झाले होते. मी म्हटलं, "मामा, घरी आला न्हाईत?"

"आलतो की," मामा खाली बघत म्हणाले. "फाटकात बेल बगितली. म्हनलं, आता साहेबलोकाचं घर झालं. आमी परवानगी काढून यावं का आक्काला भेटायला? गेलो माघारी."

मी घरी येताना भिवराआत्यांच्या दारात थांबलो. त्या शेंगा फोडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "बेल दाबायला मी काय परकी हाय का रे? ह्या घरात मी तुज्या जन्माच्या आदीपासून हाका मारत येते. पाटी लावलीस, किरपया म्हनून. भिवरेला किरपया!"

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. याच गावात वाढलेल्या माणसाला एवढं कळू नये? आमच्याकडं बेल दाबतो तो परका. आपला माणूस हाक मारतो. आईपर्यंत एक हाक पोचत नव्हती, तर मी लोकांचं हाक मारणंच बंद करून टाकलं होतं. तेही एवढी खटपट करून, आईचं नाव छापून.

शहाण्या माणसानं इथं थांबून आत्यांना खरं काय ते सांगितलं असतं. मी घरी आलो आणि नवा नकाशा काढायला बसलो. बटण काढायचं, माइक लावायचा. हाक आली की दिवा लागेल. राजनंदिनी म्हणाली, "नाही तर आत्यांना सांगून टाकू ना, की आईंना ऐकू येत नाही?" मी म्हटलं, आईनं बजावलंय. यावेळी आईचा दम माझ्या कामाला आला. पंडितनं नकाशा ठेवून घेतला. पाटी भरायला पुन्हा तितकीच वाट पाहिली आणि पुन्हा पाच बोर्ड आले.

पितळी बटण आणि पाटी काढली, माइक ओट्याच्या छताला लावला. हा बोर्ड उत्तम चालला. फार उत्तम चालला. भिवराआत्यांची शेळी ओरडली, दिवा. एसटीनं हॉर्न दिला, दिवा. शेजारी कुकरची शिट्टी झाली, भोंग्यावर भाजीवाला आला, राजनंदिनी माझ्यावर ओरडली, दिवा, दिवा, दिवा. आई बिचारी दर वेळी पलंगावरून उठायची, गुडघे धरत दारापर्यंत जायची. बाहेर शेळी. मी तिला म्हटलं, "थोडी ॲडजस्टमेंट राहिलीय." तिला ते ऐकू आलं नाही.

एक दिवस तिनं प्लॅस्टिकची खुर्ची उचलली आणि बाहेर ओट्यावर नेऊन टाकली. "त्या दिव्यापायी सतरा खेपा घालन्यापरीस हितंच बसते," म्हणाली. "जीव नकोसा केलाय."

मी मागच्या खोलीत जाऊन माइकचा कान जरा मंद करायचा उद्योग सुरू केला. त्यात बरेच दिवस गेले. मधे कधीतरी बाहेरून हसण्याचा आवाज आला, तरी मी उठलो नाही. एक रेझिस्टर बदलायचा होता.

एकदा पाणी प्यायला म्हणून बाहेर आलो, तर ओट्यावर भिवराआत्या शेंगांचं टोपलं घेऊन बसलेल्या. पायरीवर आणखी दोघी. रस्त्यावर धुळाजीमामा काठीवर रेलून उभे आणि आई त्यांच्याशी बोलत होती, त्यांच्या तोंडाकडं बघून, अगदी बिनचूक. रस्त्यानं जाणाऱ्याला ती दिसत होती, म्हणून हाक मारायचं कामच नव्हतं. माणसं बघूनच वळत होती. आई हसत होती. वडील गेल्यापासून मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि लगेच मनात आलं, प्रोजेक्ट सक्सेस.

खरंच आलं. मी मागच्या खोलीत दार लावून पंडितला फोन केला आणि तासभर सांगितलंही. तो म्हणाला, "कसा काय चालतोय?" मी म्हटलं, "एकदम भारी." मग त्याला तो चालताना दाखवावा म्हणून मोबाइल घेऊन आईच्या खोलीत गेलो. दिव्याची पिन भिंतीवरच्या स्विचबोर्डातून काढलेली होती. तिथं राजनंदिनीचा चार्जर लागला होता. बॅटरी केव्हाच उतरली होती. दिवा किती दिवसांपासून बंद होता कोण जाणे. कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

मला राग आला. मी ओट्यावर गेलो. बायका मघाशीच उठून गेल्या होत्या. आई एकटीच होती. मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो, म्हणजे तिला माझे ओठ दिसावेत.

"दिवा बंद पडलाय. सांगितलं कावून न्हाई?"

"मला काय करायचाय आता दिवा? दिसतंय की मला, कोन येतंय ते."

"एवढे दिवस राबलो मी त्याच्यावर. बोर्ड पडलेत अजून."

"मग तुज्या खोलीत लाव एक," आई म्हणाली.

"माझ्या खोलीत? कशाला?"

"मी हाका मारते तुला. तुला ऐकू येत न्हाई."

ती रागानं म्हणाली नव्हती, टोमणाही नव्हता. मी विचारलं, "कधी हाक मारलीस?"

"रोजच की. ह्या बाया गेल्या म्हंजी च्या करते, दोन कप. तुला हाक मारते. दार लावलेलं असतंय तुजं. मंग गार व्हस्तोवर वाट बगते अन् मीच पिते दोनी." मग म्हणाली, "बाया आत्ताशा येत्यात. आदी कुनी येत नव्हतं तवाबी मारायची."

शेजारी स्टुलावर दोन कप होते. दोन्ही भरलेले, वर साय धरलेली. मी एवढे दिवस फाटकातल्या हाकेचा विचार करत होतो. घरातल्या घरात एक हाक रोज माझ्या दारापर्यंत येऊन फिरून जात होती. मला लाज वाटली. फार वाटली.

मी पायरीवर बसलो. आईनं एक कप माझ्याकडं सरकवला आणि माझ्या तोंडाकडं बघत विचारलं, "काय करतूस रे तू आत येवढं दिवसभर?"

हा प्रश्न घरात पहिल्यांदाच कुणी विचारत होतं. उत्तर माझ्याकडं होतं. तुझ्याकडं कोण आलंय ते तुला कळावं, त्याची सोय करतो. ते मला तिच्या तोंडाकडं बघून सांगता येईना. "काय न्हाई," मी म्हटलं, आणि गार चहा बशीत ओतला.